बाई, त्या सांध्याला हलायचंच नसतं

पत्र : डॉक्टर, नमस्कार. माझं वय ६१. फलटण तालुक्यात जिल्हा परिषदेच्या शाळेत ३२ वर्षं नोकरी केली, आता निवृत्त आहे. नऊ वर्षांपूर्वी एसटीतून उतरताना उजवा पाय शेवटच्या पायरीवरून घसरला, चवडा खाली दुमडला आणि सगळं वजन त्यावर आलं. एक्स-रे काढला, 'हाड मोडलेलं नाही, मुरगळलाय' म्हणून क्रेप बँडेज बांधून दिलं. महिनाभराने शाळेत जायला लागले, पण पाय पहिल्यासारखा कधी झालाच नाही. गेली तीन वर्षं पावलाच्या वरच्या बाजूला मधोमध कठीण टेंगूळ आलंय. सकाळची पहिली पावलं, जिना उतरणं आणि बाजारातून परत येणं, या तिन्ही वेळी जीव नकोसा होतो. चपलेचा पट्टा नेमका तिथेच रुततो. आठ वर्षांपासून साखर आहे, गोळ्या चालू आहेत. पुण्याला दाखवलं तर डॉक्टर म्हणाले, पावलातल्या मधल्या सांध्यांची झीज झाली आहे, दोन-तीन सांधे स्क्रू-प्लेट घालून कायमचे जोडून टाकू. मुलगा म्हणतो, करून टाक. जाऊबाई म्हणतात, पायाला सुरी लागली की माणूस जन्माचा लंगडा. सांधा जाम केल्यावर चालता येईल का? मांडी घालता येईल का? गुडघ्यासारखा हाही सांधा बदलून का मिळत नाही? घर पहिल्या मजल्यावर आहे, लिफ्ट नाही. दरवर्षी माउलींच्या पालखीबरोबर लोणंद ते तरडगाव चालते, यंदा पहिल्यांदाच चुकलं.

उत्तर : नमस्कार बाई. (शाळेतल्या शिक्षिकेला दुसरं काही म्हणायला माझी जीभ वळत नाही.)

तुमच्या पत्रात 'जाम' हा शब्द आहे, आणि सगळी भीती त्या एका शब्दात बसली आहे. म्हणून आधी एक प्रयोग करा. पलंगावर बसा. डावा, म्हणजे न दुखणारा पाय उजव्या मांडीवर घ्या. एका हाताने पावलाचा मधला भाग घट्ट धरा आणि दुसऱ्या हाताच्या चिमटीत अंगठ्याशेजारच्या बोटामागचं लांब हाड पकडा. बोट नव्हे, बोटाच्या मागे पावलात जाणारं हाड. ते वर-खाली हलवून बघा. हलत नाही ना? आता तसंच करंगळीमागचं हाड धरा. ते चांगलं लवतं.

या चाळ्याची मोजमापं झालेली आहेत. दुसऱ्या बोटामागचा सांधा जेमतेम अर्धा मिलिमीटर हलतो. तिसऱ्याचा दीड, अंगठ्यामागचा साडेतीनच्या आसपास. चौथ्या आणि पाचव्या बोटांमागचे सांधे मात्र जवळजवळ एक सेंटीमीटर हलतात. खडबडीत जमिनीशी, शेताच्या बांधाशी, उंबरठ्याच्या कडेशी जुळवून घेण्याचं काम या बाहेरच्या दोघांचं. आतल्या तिघांचं काम अगदी उलटं आहे. त्यांनी घट्ट राहायचं आणि पावलाची कमान धरून ठेवायची. जुन्या वाड्याच्या दरवाज्यावरची दगडी कमान आठवा. तिच्या माथ्यावर पाचरीसारखा एक दगड असतो, तो निघाला की कमान बसली. दुसऱ्या बोटामागचं हाड पावलात तसंच दोन्ही बाजूंच्या हाडांमध्ये खोबणीत रुतून बसलेलं आहे.

म्हणजे ज्या सांध्यांची चाल जाणार म्हणून तुम्ही घाबरलात, त्यांना देवाने चाल जवळपास दिलीच नव्हती. गुडघा जोडून टाकला तर माणसाचं आयुष्य बदलतं, बसमध्ये बसणंसुद्धा अवघड होतं. पावलाच्या मधले आतले तीन सांधे जोडले तर चालणाऱ्याच्या मागून येणाऱ्याला बहुतेक वेळा कळतही नाही. घोटा हलतो, बोटं हलतात, बाहेरची बाजू लवते. 'सांधा बदलून का मिळत नाही' याचंही उत्तर यातच आलं. बदलायचा कशाला, तर चाल टिकवायला. इथे टिकवण्याजोगी चाल नाही, आणि या सपाट, एकमेकांत गुंतलेल्या सांध्यांसाठी भरवशाचा कृत्रिम सांधाही नाही. चौथ्या आणि पाचव्या सांध्यांना मात्र चाल आहे, म्हणून ते आम्ही सहसा जोडत नाही, शक्यतो मोकळे ठेवतो. तुमच्या डॉक्टरांनी 'दोन-तीन' म्हटलं आहे, तेव्हा त्यांच्या मनात आतलेच सांधे असणार. तरी विचारून घ्या, नेमके कुठले.

मग न हलणारा सांधा दुखतो कशाने? तो नको तेवढा हलायला लागला म्हणून. जिना उतरताना किंवा पाऊल पुढे टाकताना टाच उचलली जाते, तेव्हा अंगाचं सगळं ओझं पावलाच्या मध्यातून चवड्यावर जातं. मधली कूर्चा, म्हणजे हाडांच्या टोकांवरचं गुळगुळीत आवरण, झिजलेली असेल आणि हाडांना एकत्र बांधणारे बंध सैल असतील, तर प्रत्येक पावलाला हाड हाडावर किंचित घासतं, मधला भाग किंचित उघडतो. हा किंचितपणा दिवसातून काही हजार वेळा होतो. शरीर आपल्या परीने तो सांधा आवरायला बघतं, कडेने नवं हाड चढवतं. तुमचं टेंगूळ म्हणजे तेच. खरं सांगायचं तर तुमचं पाऊल तीन वर्षं स्वतःच तो सांधा जोडायचा प्रयत्न करतंय, फक्त त्याला जमत नाहीये.

आता त्या एसटीच्या पायरीकडे येतो, कारण हे वाचणाऱ्या दुसऱ्या कुणाचा तरी पाय परवाच दुमडला असेल. चवडा खाली वाकलेल्या अवस्थेत वजन येणं ही या सांध्यांच्या दुखापतीची अगदी ठरलेली तऱ्हा आहे. तिला लिसफ्रांकची दुखापत म्हणतात. जाक लिसफ्रांक हा नेपोलियनच्या काळातला फ्रेंच सर्जन. १८१५ मध्ये त्याने याच सांध्यांच्या ओळीतून पाऊल कापण्याची पद्धत लिहिली, म्हणून ओळीला त्याचं नाव पडलं. गंमत अशी की नाव राहिलं कापणाऱ्याचं आणि आम्ही आज तिथे जोडत बसलोय. या दुखापतीत पुष्कळदा हाड मोडत नाही, बंध तुटतो. रुग्णाला झोपवून एक्स-रे काढला तर हाडं आपापल्या जागी नीट दिसतात. उभं राहून, पायावर वजन देऊन काढला तर पहिल्या आणि दुसऱ्या बोटांमागच्या हाडांमधली फट उघडते. अशा दर पाच दुखापतींपैकी साधारण एक पहिल्या तपासणीत निसटते, असं आमच्या विषयात नेहमी सांगितलं जातं. एक खूण मात्र घरच्या घरी दिसते. पाय मुरगळल्यावर पावलाच्या तळव्यावर, मधोमध, काळानिळा डाग उमटला तर 'मुरगळलाय' या शब्दावर समाधान मानू नका. उभ्याचा एक्स-रे मागा, आणि दोन्ही पावलांचा, म्हणजे तुलना करता येते.

तुमच्या त्या डॉक्टरांना मी नावं ठेवणार नाही, कारण मला तोंड नाही. शिकत होतो तेव्हा रात्रपाळीला कबड्डी खेळणारा एक पोरगा आला होता, पाय सुजलेला. झोपवून एक्स-रे काढला, काही दिसलं नाही, 'मुरगळलाय, आठ दिवसांत पळशील' म्हणून पाठवून दिलं. तळवा उलटा करून बघितला नाही. दहा महिन्यांनी तोच पोरगा बाह्यरुग्ण विभागात रांगेत दिसला, बूट उजव्या पायात वेगळा आणि डाव्या पायात वेगळा. तेव्हापासून सुजलेल्या प्रत्येक पावलाचा तळवा मी बघतो. कधी कधी रुग्ण संकोचतात, पायाला हात नको लावू म्हणतात. लावावाच लागतो.

असो. नऊ वर्षांपूर्वीचं आता बदलत नाही. आज काय करायचं ते बोलू.

पुण्याच्या डॉक्टरांनी सांगितलेली शस्त्रक्रिया चुकीची नाही. पण तुमच्या पत्रात एक गोष्ट मला कुठेच दिसली नाही. पादत्राण. या नऊ वर्षांत पायात काय घालत होतात, ते तुम्ही लिहिलेलं नाही. मी अंदाज करतो. पाय दुखतो म्हणून मऊ चप्पल घेतली असणार, जिला सगळी दुकानं 'डॉक्टर चप्पल' म्हणून विकतात ती. टाच दुखणाऱ्याला ती चांगली. तळव्याची संवेदना गेलेल्या पायालाही मऊ एमसीआर रबराचा उपयोग होतो, कुष्ठरोग्यांच्या पायांसाठी वेल्लोरला सर्जन पॉल ब्रँड यांनी केलेल्या कामाची ती देणगी. पण तुमच्या दुखण्याला मऊ तळ म्हणजे दुष्मन. मऊ चप्पल मधोमध वाकते, आणि ती वाकली की आतला सांधाही वाकतो. तुम्हाला हवा कडक तळ.

दुकानात गेलात की बुटाची टाच एका हातात, पुढचं टोक दुसऱ्या हातात धरा आणि चपातीची घडी घालतो तसं मुडपून बघा. मधोमध घडी पडत असेल तर तो बूट तुमचा नाही, कितीही महाग असो. बोटांच्या मागे थोडा वाकला तरी एक वेळ चालेल, मध्ये वाकता कामा नये. त्याहून चांगला उपाय म्हणजे तळ पुढच्या बाजूला गोलाई देऊन उचललेला, आम्ही त्याला रॉकर म्हणतो. लहान मुलांचा झुलणारा लाकडी घोडा असतो ना, त्याच्या पायासारखा. पाऊल वाकायच्या ऐवजी बूटच पुढे लवंडतो. पावलांचे बूट बनवणाऱ्या ऑर्थोटिस्टकडे तो करून मिळतो. बुटाच्या आत टाचेपासून बोटांपर्यंत पूर्ण लांबीची कार्बन फायबरची पातळ पट्टी घालता येते, ती पातळ असते पण सहजी वाकत नाही. तुम्हाला साखर आहे, म्हणून तिच्यावर मऊ आतला तळ हवाच. नुसत्या कडक पट्टीवर उघडा पाय नको, फोड आला तर कळायला उशीर होईल.

बुटाला नाडी असू दे. टेंगळाच्या जागेवरची भोकं सोडून, वर आणि खाली नाडी ओवायची, म्हणजे तिथे दाब येत नाही. साडीवर बूट बरा दिसत नाही, हे मला अनेकींनी सुनावलंय. बाई, तुम्ही ३२ वर्षं पोरांना नीटनेटकेपणा शिकवलात, म्हणून तुम्हालाही वाटणार. पण घरातही घालायचे आहेत. फरशीवर अनवाणी चालायचं नाही, देवघरापुरता अपवाद करा. देव समजून घेतो, सांधा घेत नाही.

हे तीन महिने करा, नेमाने. वही घाला, रोज रात्री एक ओळ लिहा : किती चालले, जिना किती वेळा, दुखणं दहापैकी किती. तुमच्यासारख्या शिक्षिकेला हे सांगायची गरज नाही, पण ही वही मला एक्स-रेपेक्षा जास्त सांगते. कारण कडक तळाचा बूट म्हणजे शस्त्रक्रियेची रंगीत तालीम आहे. बूट बाहेरून जे करतो तेच स्क्रू आतून करतात : मधला सांधा हलू देत नाहीत. बूट घातल्यावर दुखणं निम्म्यावर आलं तर दोन गोष्टी कळतात. एक, दुखणं खरंच याच सांध्यांचं आहे. दोन, ते जोडले तर तुम्हाला गुण येण्याची शक्यता चांगली आहे. आणि काही जण तिथेच थांबतात, म्हणतात, एवढं पुरे, सुरी नको. तेही बरोबर.

बुटाने काहीच फरक पडला नाही तर घाई करायची नाही, दुखणं कुठून येतंय ते पुन्हा तपासायचं. एक्स-रेच्या यंत्राखाली किंवा सोनोग्राफीत बघत, नेमक्या सांध्यात बधिर करणारं औषध सोडता येतं. तासाभरापुरतं दुखणं गेलं तर चोर सापडला. त्यातच स्टिरॉइड मिसळलं तर काही आठवडे, कधी काही महिने आराम मिळतो. मात्र तुमची साखर त्यानंतर काही दिवस वर जाईल, घरी मोजत राहा. आणि इंजेक्शन घेतलं की शस्त्रक्रिया साधारण तीन महिने पुढे ढकललेली बरी, नाहीतर जंतुसंसर्गाचा धोका वाढतो. दुखणं थांबवणाऱ्या गोळ्या रोज घेऊ नका. आठ वर्षांची साखर आहे, आधी रक्तातलं क्रिएटिनिन बघा, मूत्रपिंडं कशी आहेत ते त्यावरून कळतं. मलम चालेल.

साखरेवरून अजून एक, आणि हे मी जरा दटावून सांगतोय. मधुमेहात पायाच्या नसा बधिर झाल्या असतील तर याच मधल्या सांध्यांना शार्को नावाचं वेगळंच दुखणं होतं. पाऊल अचानक सुजतं, लाल होतं, दुसऱ्या पायापेक्षा हाताला गरम लागतं, आणि एवढं सगळं होऊनही दुखतं मात्र कमीच. आतली हाडं तेव्हा भुसभुशीत होऊन कोसळत असतात. असं झालं तर त्याच दिवशी दाखवा, आणि दाखवेपर्यंत त्या पायावर उभ्या राहू नका. अशा तापलेल्या पायावर ही शस्त्रक्रिया सहसा करत नाहीत, तिथे प्लास्टर घालून थंड होईपर्यंत थांबतात. तुमचं वर्णन तसं नाही. तुम्हाला नीट दुखतंय, आणि या बाबतीत दुखणं हे चांगलं लक्षण. तरीही तळव्याला नायलॉनचा बारीक तंतू टोचून संवेदना तपासण्याची साधी चाचणी करून घ्या. डोळे मिटायचे आणि टोचलं की सांगायचं, दोन मिनिटांचं काम.

तर समजा, तीन महिने झाले, बुटाने बरं वाटतं पण पुरेसं नाही, आणि तुम्ही शस्त्रक्रियेला तयार झालात. आत काय होतं?

कमरेत भूल देतात, शिवाय गुडघ्यामागे नसेजवळ औषध सोडतात, म्हणजे पहिली रात्र बरी जाते. पावलाच्या वरच्या बाजूला एक किंवा दोन उभे छेद घेतात. तिथून पावलाची मोठी रोहिणी आणि बोटांना संवेदना देणाऱ्या नसा जातात, त्या बाजूला सारून सांध्यापर्यंत पोचायचं. मग उरलीसुरली कूर्चा खरवडून काढायची, पूर्ण. हाडाचे दोन्ही पृष्ठभाग बारीक ड्रिलने टोचून रक्ताळ करायचे. भिंतीला गिलावा करण्याआधी गवंडी तिला टोचे मारतो, नाहीतर सिमेंट धरत नाही, तेच इथे. मध्ये पोकळी राहत असेल तर टाचेच्या हाडातून किंवा कमरेच्या हाडातून चमचाभर हाड काढून भरायचं. कमान बसली असेल तर ती उचलून जागेवर आणायची, आणि मग स्क्रू, प्लेट, किंवा कागद टाचतो तशा धातूच्या पिना. लक्षात घ्या, धातू सांधा जोडत नाही. धातू नुसता दोन्ही बाजू दाबून धरतो. जोडतं तुमचं हाड, आणि त्याला वेळ लागतो.

हाड जुळून येणं हाच या सगळ्याचा कस. शंभरात ढोबळमानाने पाच ते दहा जणांचा एखादा सांधा जुळत नाही, मग पुन्हा शस्त्रक्रिया करावी लागू शकते. हे न जुळण्याचं प्रमाण वाढवणारी दोन कारणं तुमच्या हातात आहेत. पहिलं साखर. तीन महिन्यांची सरासरी सांगणारी एचबीए१सी चाचणी साडेसातच्या आत येईपर्यंत मी तरी टेबलावर घेत नाही. काही सर्जन आठपर्यंत चालवतात. दुसरं तंबाखू. निकोटीनने बारीक रक्तवाहिन्या आवळतात आणि हाड उपाशी राहतं.

तंबाखूवर थोडं थांबतो. माझ्या एका रुग्णबाईंचा सांधा जुळेना. साखर नाही, ड जीवनसत्त्व व्यवस्थित, पाय त्यांनी कसोशीने उचलून धरला होता. 'तंबाखू खाता का, बिडी ओढता का' हे मी दोनदा विचारलं होतं, दोन्ही वेळा 'छे हो डॉक्टर'. पाचव्या महिन्यात त्या तपासायला आल्या, बाकावर बसल्या, आणि पदराच्या गाठीतून डबी काढून सहज बोटाने दातांना लावली. मिश्री. मी बघतच राहिलो. त्या म्हणाल्या, 'ही काय तंबाखू आहे होय, ही दात घासायची.' चूक माझी. प्रश्न चुकला. मिश्री म्हणजे भाजलेली तंबाखूच, हिरडीतून निकोटीन सरळ रक्तात. आता मी प्रत्येकीला मिश्री, तपकीर, गुटखा, मशेरी अशी नावं घेऊन विचारतो. शस्त्रक्रियेच्या निदान सहा आठवडे आधी ती बंद हवी, आणि हाड जुळेपर्यंत बंद.

बाकीचे धोके थोडक्यात : छेदाच्या आजूबाजूला बधिरपणा राहू शकतो. पावलावर मांस कमी, म्हणून प्लेट कातडीखाली टोचते आणि काही जणांना ती वर्षा-दोन वर्षांनी काढावी लागते. जखम भरायला मधुमेहात वेळ लागतो. बरीच वर्षं गेल्यावर शेजारच्या सांध्यांवर ताण येऊन ते झिजू शकतात. पिंढरीत रक्ताची गाठ होऊ नये म्हणून गोळ्या किंवा इंजेक्शनं देतात, ती चुकवायची नाहीत.

आता तुमचा पहिला मजला. माझ्या मते तुमचा खरा प्रश्न हाच आहे, शस्त्रक्रियेपेक्षा मोठा. पहिले सहा आठवडे त्या पायावर वजन शून्य. शून्य म्हणजे संडासला जाताना 'जरा टेकवला' हेही नाही. नंतरचे सहा आठवडे प्लास्टरसारख्या बुटात हळूहळू टेकवायचं, एक्स-रे बघत. तीन महिन्यांच्या आसपास साध्या बुटात चालायला लागाल. सूज मात्र संध्याकाळी येत राहील, सहा महिने, कुणाला वर्षभर. नेहमीचे बूट घट्ट होतील, रडू येईल, ते सगळ्यांना येतं.

म्हणून शस्त्रक्रियेआधी पंधरा दिवस घरात सराव करा. भाड्याने वॉकर आणा आणि उजवा पाय उचलून पलंगापासून मोरीपर्यंत उडी मारत जाऊन बघा. साठीनंतर हे वाटतं तेवढं सोपं नाही, दंड भरून येतात. उंबरठा असेल तर वॉकर तिथे अडखळतो, तिथे कुणी तरी उभं राहायला हवं. घरात चाकांची खुर्ची फिरत असेल तर सर्वांत उत्तम. भारतीय पद्धतीचा संडास असेल तर त्यावर ठेवायची कमोड खुर्ची आधीच आणून ठेवा. आंघोळीला प्लास्टिकचं स्टूल, प्लास्टरवर जाड पिशवी आणि वरून चिकटपट्टी. जिना बसून चढायचा-उतरायचा, एकेक पायरी, पार्श्वभागावर. लाज वाटेल, पण पडण्यापेक्षा बरं. खाली कुणा नातेवाइकाचं तळमजल्यावरचं घर असेल तर सहा आठवडे तिथेच मुक्काम टाका. जाऊबाईंचं घर तळमजल्यावर आहे का? असेल तर त्यांच्याच हातचं खा. लंगडं होतं की नाही ते त्यांना रोज समोर दिसेल.

पहिले दोन आठवडे, टाके निघेपर्यंत, पाय छातीपेक्षा उंच. खुर्चीवर बसून समोर स्टुलावर ठेवला म्हणजे उंच झाला असं नाही, आडवं पडून दोन उशांवर. तासातली पन्नास मिनिटं असा. चहा, पेपर, फोन, सगळं आडवंच. या दोन आठवड्यांत ज्याने हे पाळलं त्याची जखम छान भरते, एवढं मी अनुभवाने सांगतो.

मांडीचं विचारलंत. मांडी घालताना काम करतात कंबर, गुडघा आणि घोटा. मधल्या आतल्या सांध्यांचा त्यात फारसा वाटा नाही. सांधे जुळल्यावर, म्हणजे चार-सहा महिन्यांनी, मांडी घालता येईल. उकिडवं बसणं घोट्यावर आणि बोटांवर अवलंबून, तेही बहुतेकांना जमतं. वज्रासन मात्र सोडा. त्यात पावलाची वरची बाजू जमिनीवर दाबली जाते आणि प्लेट नेमकी तिथेच असते. योगवर्गाच्या बाई आग्रह करतील, एक्स-रे दाखवा.

वारीचं गणित असं. आषाढीच्या वेळेला आठ महिने मागे मोजा. कार्तिकात, दिवाळी उरकल्यावर शस्त्रक्रिया केलीत, तर पालखी नीरा ओलांडून लोणंदला येईपर्यंत सात-आठ महिने झालेले असतील. त्याआधीचे तीन महिने बुटाची तालीम, म्हणजे आत्तापासून सुरुवात केली तर बेत जुळतो. लोणंद ते तरडगाव अंतर आठ किलोमीटरच्या आसपास, वाटेत चांदोबाच्या लिंबाजवळ उभ्या रिंगणाला उभं राहणं वेगळं. शब्द देत नाही. पहिल्या वर्षी अर्धा टप्पा चाला, अर्धा गाडीत. रिंगण झाल्यावर पुढे कुणाला तरी गाडी घेऊन थांबायला सांगा. पावसात भिजलेला मऊ कॅनव्हासचा बूट घालायचा नाही, आणि 'वारी अनवाणी' असा नवस कुणी बोललेलं असेल तर तो फेडण्याचं काम दुसऱ्यावर सोपवा.

पुण्याच्या डॉक्टरांकडे पुन्हा जाल तेव्हा वही न्या, दोन्ही पावलांचे उभ्याने काढलेले एक्स-रे न्या, आणि मुलाला बरोबर घ्या. कुठले सांधे, हाड कुठून घेणार, वजन कधी टाकायचं, न जुळलं तर पुढे काय, हे चार प्रश्न त्याला विचारू द्या, म्हणजे 'करून टाक' म्हणणं जरा कमी होईल. शस्त्रक्रियेनंतर सहा आठवडे कोण रजा काढणार, हा पाचवा प्रश्न तुम्ही त्याला तिथेच, डॉक्टरांसमोर विचारा.

आणि मिश्रीचं. तुमच्या पत्रात त्याबद्दल काही नाही, मी तर्क करत नाही. उत्तर मला कळवायची गरज नाही, त्या डॉक्टरांना तेवढं खरं सांगा.